बंद पडलेली जुनी चेतक परत रस्त्यावर आणायची असेल तर कुठून सुरुवात करायची

घराच्या मागे, वाड्याच्या जिन्याखाली नाहीतर सोसायटीच्या पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक बजाज चेतक स्कूटर उभी आहे, बाबांची किंवा आजोबांची, आणि आता ती चालू करायची असं डोक्यात बसलंय, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. मोटरसायकलवाल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल पण मी उदाहरण जुन्या टू स्ट्रोक चेतकचंच घेतो, कारण १९७२ पासून आकुर्डीहून निघालेली ही गाडी महाराष्ट्रात अजून घराघरात सापडते, पार्ट मिळतात, आणि इंजिन इतकं साधं आहे की नवीन माणसाला शिकायला यापेक्षा चांगली गाडी नाही. १४५ सीसीचा एकच सिलेंडर, ना वॉल्व ना कॅम ना टायमिंग चेन. पेट्रोल, हवा आणि करंट (प्लगची ठिणगी) या तीन गोष्टी वेळेवर पोचल्या की ती चालू होणारच.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. बहुतेक लोक रंगापासून सुरुवात करतात. गाडी पेंटरकडे टाकतात, चकाचक करून आणतात, पैसे संपतात आणि मग कळतं इंजिन जाम आहे. क्रम उलटा ठेवा. आधी कागद, मग पत्रा तपासणं, मग इंजिन, मग ब्रेक, आणि रंग सगळ्यात शेवटी.

कागद

आरसी बुक शोधा आणि त्यावरचा चेसिस नंबर, इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी स्वतः डोळ्यांनी जुळवून बघा. खरवडायचं नाही हां, केरोसीनच्या फडक्याने पुसायचं फक्त, नंबर खरवडलेला दिसला तर आरटीओत उगाच संशय येतो. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं, नंतर दर ५ वर्षांनी रिन्यू करावं लागतं, त्यासाठी फॉर्म २५, गाडी प्रत्यक्ष दाखवणं आणि आपल्याकडे पर्यावरण कर. गाडी ज्यांच्या नावावर आहे ते हयात नसतील तर वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो, आणि विकत घेताय तर २९ आणि ३०. इन्शुरन्स, पीयूसी, आणि २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी म्हणून हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, हेही डोक्यात ठेवा. फीचे आकडे बदलत राहतात म्हणून इथे देत नाही, परिवहनच्या साईटवर बघून घ्या.

अनोळखी माणसाकडून गाडी घेत असाल आणि आरसीच नाही, "होईल हो कागदाचं" असं तो म्हणतोय, तर गाडी कितीही सुंदर असली तरी सोडून द्या. घरचीच गाडी असेल आणि बुक हरवलं असेल तर गोष्ट वेगळी, पोलीस तक्रार करून डुप्लिकेट काढता येतं.

पत्रा, त्यातही पाय ठेवायची जागा

चेतकला मोटरसायकलसारखी वेगळी फ्रेम नाही, तो दाबून बनवलेला पत्रा हीच फ्रेम. म्हणून पत्रा कुजणं म्हणजे फक्त दिसायला वाईट एवढंच नाहीये, गाडीचा कणाच कुजलेला असतो. बघायची मुख्य जागा म्हणजे फ्लोअर. वरचं रबर मॅट आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या काढा, त्यांच्याखाली पावसाचं पाणी आणि चिखल वर्षानुवर्षं बसून राहतो. मग गाडी आडवी करून (आधी पेट्रोल काढून, खाली जुनी गादी टाकून) खालूनही बघा. जाड स्क्रू ड्रायव्हरने टोचत जा. टण् असा आवाज आला तर पत्रा जिवंत आहे, आणि भस्सकन आत गेला तर तिथे पत्रा कापून नवीन बसवावा लागणार. लोहचुंबक पण फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे आधीच्या कोणीतरी लांबी (पुट्टी) थापून भोक झाकलेलं आहे.

कोकणातल्या आणि मुंबईतल्या गाड्यांचं फ्लोअर जास्त काळजीने बघा, खाऱ्या हवेने पत्रा आतून खाल्लेला असतो आणि वरून रंग मात्र ठीक दिसतो. सोलापूर, लातूर, नगर बाजूच्या कोरड्या हवेतल्या गाडीचा रंग उन्हाने उडालेला असेल पण पत्रा सहसा चांगला निघतो. दोन्हीपैकी एक घ्यायची असेल तर मी कधीही दुसरी घेईन. फ्लोअरचा तयार पत्रा मिळतो पण बसवताना गाडीची लाईन वाकडी होऊ न देणारा चांगला वेल्डर लागतो, तो मिळणं हेच खरं काम.

किक मारू नका

गाडी बाहेर काढली की पहिला मोह किक मारायचा होतो. नाही. थांबा. दहा वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलेंडरला गंजून चिकटलेल्या असू शकतात आणि जोरात किक मारली की रिंग तुटते, सिलेंडरला ओरखडे जातात किंवा किकच्या गिअरचे दात जातात. फुकट खर्च.

असं करा. इंजिनाच्या बाजूचं पॅनेल काढा, प्लग काढा, प्लगच्या भोकातून दोन-तीन चमचे टू टी ऑईल (टू स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते) सोडा (पातळ हवं असेल तर त्यात थोडं डिझेल) आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी मॅग्नेटवरचं (करंट तयार करणारं, इंजिनासोबत फिरणारं चाक) पंख्याचं कव्हर काढून गाडी न्यूट्रलला ठेवून मॅग्नेटच्या नटाला पाना लावून हळूच फिरवा, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. फिरलं तर उत्तम. नाही फिरलं तर ताकद लावू नका, परत ऑईल टाका आणि अजून दोन-चार दिवस द्या. आठवडाभरानेही ढिम्म हललं नाही तर हेड आणि सिलेंडर खोलायचा, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, चेतकचं हेड अर्ध्या तासात निघतं. प्रत्येक वायसर, नट, बोल्ट कुठला ते चिठ्ठी लावून डब्यांमध्ये ठेवा आणि खोलण्याआधी मोबाईलवर फोटो काढत जा, अगदी फालतू वाटणाऱ्या वायरचासुद्धा. परत जोडताना याच फोटोंचा आधार असतो.

इंजिन मोकळं फिरायला लागलं की प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरा आणि आता हाताने किक दाबा. अंगठा फटकन उडाला पाहिजे. नुसती हवा फुसफुसली तर रिंगा गेल्यात किंवा बोअर (सिलेंडरचा आतला भाग) झिजलाय.

त्याच वेळी गिअर ऑईल पण बदला. खालचं बूच उघडून जुनं सगळं गळू द्या, नवीन एसएई ३० ऑईल भरायच्या भोकातून बाहेर यायला लागेपर्यंत भरा, साधारण पाव लिटर बसतं. जुनं ऑईल दुधासारखं पांढरट निघालं तर आत पाणी गेलंय, मग एकदा भरून, थोडी चालवून, लगेच परत बदलायचं.

टाकी आणि कार्बोरेटर

जुनं पेट्रोल सडलेलं असतं, त्याला व्हार्निशसारखा वास येतो, ते फेकायचंच. सीट काढा, टाकीचे बोल्ट काढा आणि टाकी बाहेर घ्या. पेट्रोल कॉकचा नट टाकीच्या आत असतो, त्याला लांब टी पाना लागतो, तो नसेल तर पकडीने ओरबाडत बसू नका, कुठल्याही जुन्या स्कूटर मेकॅनिककडे असतो, पाच मिनिटांचं काम आहे.

टाकीत गंज असेल तर माझी पसंती साध्या पांढऱ्या व्हिनेगरला. कॉकच्या भोकाला बूच मारा, टाकी व्हिनेगरने काठोकाठ भरा, दोन दिवस ठेवा, मधून मधून हलवा. गंज जाड असेल तर आत मूठभर नट टाकून खुळखुळवा, फक्त टाकायच्या आधी मोजा आणि काढल्यावर परत मोजा. मग रिकामी करून खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा म्हणजे आंबटपणा मरतो, लगेच साध्या पाण्याने धुवा, कडक उन्हात पूर्ण वाळवा आणि वाळल्या वाळल्या आतून टू टी ऑईलचा हात फिरवा, नाहीतर चांगला उघडा झालेला पत्रा एका दिवसात परत लाल होतो. टाकीला भोक असेल तर बाहेर देऊन ब्रेझिंग करून घ्या, पण पेट्रोलची टाकी नीट धुतल्याशिवाय कोणालाही ज्वाळेजवळ नेऊ देऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, स्फोट होतो.

कार्बोरेटर बहुतेक स्पॅकोचा असेल. खोलून कार्ब क्लीनरने धुवा, जेट तारेने कधीच साफ करू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की मिक्श्चर कायमचं बिघडतं. क्लीनर आणि कॉम्प्रेसरची हवा, बस. पेट्रोल येतं तिथे आत बारीक जाळी असते ती साफ करायची बरेच जण विसरतात. फ्लोट कानाजवळ हलवून बघा, आत पेट्रोल खळखळत असेल तर बदला. आणि सगळे रबर, पेट्रोलचा पाईप, फ्लोटची निडल, गॅस्केट, नवीनच टाका. आता पंपावर मिळतं ते इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, या गाड्या बनल्या तेव्हा ते नव्हतं, जुनं रबर त्याने फुगतं आणि मऊ पडतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळे महिनोन्महिने टाकी अर्धी भरून गाडी उभी ठेवणं आता पूर्वीपेक्षा जास्त वाईट.

पेट्रोलमध्ये ऑईल २ टक्के, म्हणजे लिटरला २० मिली. आधी ऑईल ओता मग पेट्रोल, म्हणजे आपोआप मिसळतं. चांगलं टू टी ऑईलच वापरा, फोर स्ट्रोकचं इंजिन ऑईल यात चालत नाही. धूर कमी व्हावा म्हणून ऑईल कमी करायचा सल्ला खूप जण देतील, अजिबात ऐकू नका, या इंजिनात पिस्टन आणि क्रँकच्या बेअरिंगला तेल मिळायचा तोच एक रस्ता आहे.

करंट

नवीन प्लग घ्या, कॅपला लावून इंजिनाच्या हेडला टेकवा (प्लगच्या भोकापासून लांब, आतून पेट्रोलची वाफ येते) आणि किक मारा. निळा, टचटच आवाज करणारा करंट हवा. पिवळट, मरतुकडा असेल किंवा नसेलच तर पुढचं वाचा.

सगळ्यात आधी इग्निशनच्या लॉककडून येणारी, गाडी बंद करणारी वायर जंक्शन बॉक्समधून सुटी करून परत बघा. जुन्या गाड्यांमध्ये ही वायर हँडलजवळ कुठेतरी घासून बॉडीला लागलेली असते आणि लोक उगाच कॉईल बदलत बसतात. त्याने करंट आला तर वायरिंग बघा, मॅग्नेट उघडायची गरज नाही.

तरी नाही आला तर तुमची गाडी पॉइंटवाली (करंट वेळेवर पाडणारे, उघडझाप करणारे दोन संपर्क) आहे का सीडीआयवाली (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) ते बघा, नंतरच्या मॉडेलना सीडीआय आहे. पॉइंट असतील तर मॅग्नेटच्या खिडकीतून दिसतात. बारीक पॉलिश पेपरने दोन्ही तोंडं साफ करा, मग पेट्रोल लावलेला कागद मधून ओढा म्हणजे पेपरचे कण राहत नाहीत. पूर्ण उघडल्यावर गॅप फिलर गेजने ०.४ मिमीच्या आसपास लावा. पॉइंट परत परत काळे पडत असतील तर दोष बहुतेक कंडेन्सरचा. पॉइंट आणि कंडेन्सर या दोन गोष्टींत पैसे वाचवू नका, दुकानदार दोन किंमतींचे दाखवतो तेव्हा महागातला घ्या, स्वस्तातला कंडेन्सर गरम झाला की रस्त्यात दगा देतो. पुण्यात नाना पेठेत फिरलात तर जुना न वापरलेला ओरिजिनल माल अजूनही कुठे कुठे निघतो, वेळ काढून विचारत जा. जुन्या बाजारातही मिळतो पण तिथे वस्तू हातात घेऊन नीट बघूनच.

मॅग्नेट काढायचा असेल तर पुलरनेच काढा, हातोडी मारू नका.

ब्रेक आणि टायर, चालवायच्या आधी

इंजिन चालू झालं की लगेच गल्लीत चक्कर मारावीशी वाटते म्हणून हे मुद्दाम चालू करण्याच्या आधी लिहितोय. टायर वरून कितीही चांगले दिसोत, बाजूला चार आकडी तारीख छापलेली असते, पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष. बारीक भेगा असतील किंवा खूप जुने असतील तर बदलाच, साईझ ३.५०-१०, ट्यूबसकट नवीन घ्या.

आता नीट वाचा, कारण यात लोकांना जबर दुखापती झाल्यात. चेतकची रिम दोन अर्ध्या भागांची आहे. मध्याजवळचे नट चाक ड्रमला धरून ठेवतात आणि बाहेरच्या गोलातले नट रिमचे दोन भाग एकत्र धरतात. चाक काढायला फक्त मधले सोडायचे. बाहेरचे नट सोडायच्या आधी ट्यूबमधली हवा पूर्ण, पूर्ण म्हणजे वॉल्वची पिन काढून शेवटचा फुस्स होईपर्यंत, काढायची. हवा भरलेली असताना ते नट सोडले तर रिमचा अर्धा भाग तोंडावर येऊ शकतो. जोडतानाही सगळे नट पक्के झाल्यावरच हवा भरायची, आणि दोन्ही भागांत ट्यूब चिमटलेली नाही ना ते बघून.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ तोंडाने फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये ॲसबेस्टॉस असायचं, ओल्या फडक्याने पुसून टाका. लायनर तेलकट झाले असतील तर घासून उपयोग नाही, नवीन घाला, आणि मागच्या ड्रममध्ये तेल आलं असेल तर तिथलं ऑईल सील पण. ब्रेक, क्लच, ॲक्सिलरेटर आणि गिअरच्या दोन अशा सगळ्या केबल एकदाच बदला. एकेक तुटायची वाट बघत बसलात तर प्रत्येक वेळी गाडी ढकलत आणावी लागेल. जुनी केबल ओढून काढताना तिच्याच टोकाला बारीक तार बांधा म्हणजे नवीन केबल घालायला रस्ता तयार राहतो.

पहिल्यांदा चालू करताना

मोकळ्या जागेत करा, बंद पार्किंगमध्ये नाही. कॉक उघडा, चोक ओढा, दोन-चार किका इग्निशन बंद ठेवून आणि मग चालू करून. गाडी डाव्या-उजव्या बाजूला तिरकी करायची आपली जुनी पद्धत आहे ना, कार्बोरेटर आणि निडल साफ असेल तर तिची गरजच पडत नाही.

चालू झाली की भरपूर पांढरा धूर येईल, आपणच ओतलेलं ऑईल आणि सायलेन्सरमधली जुनी घाण जळतेय, दहा-पंधरा मिनिटांत कमी व्हायला हवा. कमी झालाच नाही आणि गिअर ऑईलची लेव्हल उतरतेय असं दिसलं तर क्लचच्या बाजूचं क्रँक सील गेलंय, इंजिन गिअर ऑईल पिऊन जाळतंय. मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर उलट, बाहेरची हवा आत ओढली जाते, आयडल धरत नाही आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन आपोआप रेस होत जातं. असं झालं तर घाबरून बघत राहू नका, लगेच इग्निशन बंद करा, तरी थांबलं नाही तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकून क्लच सोडा. तशी गाडी चालवली तर पिस्टन जाम होणार, म्हणून सील बदलेपर्यंत हात लावू नका. रबराची सील वर्षानुवर्षं उभ्या गाडीत कडक होतातच, इंजिन पूर्ण खोलायची वेळ आलीच तर सगळी सील आणि क्रँकची बेअरिंग एकदमच बदला, परत परत खोलण्यात मजुरीच जास्त जाते.

चालू होते पण पिकअपच नाही, चढावर दम तोडते, असं असेल तर सायलेन्सर कार्बनने बुजलेला आहे का बघा. टू स्ट्रोकमध्ये हे अगदी नेहमीचं. काढून चांगला तापवून झटकून घेतला की फरक लगेच कळतो.

बोअर झिजला असेल तर लेथवर बोअरिंग-होनिंग करून ओव्हरसाईझ पिस्टन घालायचा. आधी पिस्टन विकत घ्या, तो लेथवाल्याच्या हातात द्या आणि त्याच पिस्टनच्या मापाने बोअर करून घ्या, आधी बोअर मग पिस्टन असं नाही. कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात तर अशी कामं करणारे पिढ्यानपिढ्या बसलेत, तिकडचे असाल तर नशीबवान आहात. नवीन पिस्टननंतर पहिले ५०० किलोमीटर सावकाश, ४० च्या वर नाही, एकसारख्या वेगात लांबवर नाही, अधूनमधून थांबवून इंजिन गार होऊ द्यायचं.

आणि आता रंग

महिनाभर गाडी चालवा, मगच खोलून रंगाला द्या, कारण या महिन्यात जे गळायचं, तुटायचं ते समोर येतं आणि नव्या रंगावर पाने घसरत नाहीत. मूळ रंग कुठला होता ते डिकीच्या आत किंवा टाकीखाली बघा, तिथे ऊन पोचलेलं नसतं. तोच रंग द्या असं मी आग्रहाने सांगेन. आणि वेगळा द्यायचाच असेल तर आरसीवर रंगाची नोंद बदलावी लागते हे लक्षात ठेवा. टिंकरकडून (पत्रा ठोकून सरळ करणारा) पोचे आतून ठोकून काढून घ्या, लांबी अगदी पातळ, पोचा भरायला लांबी वापरली की वर्ष-दोन वर्षांत ती तडकते. मोठ्या पॅनेलवर जोरात सँड ब्लास्टिंग करू देऊ नका, पातळ पत्रा तापून लाटा येतात.

जुना बॅज, हॉर्नची जाळी, मीटर, लॉक, यातलं काहीही फेकू नका. नवीन मिळणारे बॅज जवळून बघितले की अक्षरं वेगळी कळतात. थोडा डाग असलेला ओरिजिनल बॅज मला नव्या चकचकीतपेक्षा केव्हाही प्यारा.

डिकीत कायम ठेवायच्या वस्तू: एक चांगला चालणारा जुना प्लग आणि प्लग पाना, क्लचची एक जादा केबल, पॉलिश पेपरचा तुकडा, १०, ११, १३ चे पाने, टू टी ऑईलची छोटी बाटली. आठवड्यातून एकदा तरी वीसेक मिनिटं चालवा, आणि जास्त दिवस उभी राहणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून जेट बुजत नाहीत.